बांबूला बांधलेल्या चिठ्ठ्या

कारखान्यात सण साजरे होतात, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नवी नाही. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात. त्या दिवशी आम्हीही आमचं मशीन पुसून लख्ख करतो, माळ घालतो. नारळ शेजारचा फोडतो. गणपतीत गेटजवळ मंडप पडतो. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचे डबे लाईनवरून फिरतात आणि आमच्या वाट्याला रिकामे डबे येतात. हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. पण ज्याचं नावसुद्धा आमच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं, असा एक सण नोकरीमुळे आमच्या वाट्याला आला. त्याचं नाव तानाबाता.

आम्ही म्हणजे कुरुंदवाड आणि आजूबाजूच्या गावांतून चाकणला पोट भरायला आलेले सहाजण. चौघे मुसलमान, एक जैन, एक मराठा. एका जपानी कंपनीच्या कारखान्यात कामाला आणि एकाच खोलीत मुक्कामाला. त्यांतले दोघे कायम, चौघे ठेकेदाराचे. खोलीत हा भेद नव्हता. भाड्याचा वाटा सारखा, भांडी घासायची पाळीही सारखी. गेटातून आत गेलं की मात्र टोप्यांचे रंग वेगळे व्हायचे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं बरंचसं या टोप्यांभोवतीच घडलं आहे.

तानाबाता दरवर्षी ७ जुलैला येतो. सातव्या महिन्याचा सातवा दिवस. त्यामागची कथा अशी की, आकाशात ओरिहिमे नावाची विणकरीण होती. देवलोकीची वस्त्रं विणणं हे तिचं काम. आकाशगंगेच्या पलीकडे हिकोबोशी नावाचा गुराखी राहायचा. दोघांचं लग्न झालं आणि दोघं एकमेकांत इतकी रमली की माग बंद पडला, गुरं मोकाट सुटली. विणकरणीचा बाप रागावला. त्यानं दोघांना नदीच्या दोन काठांवर ठेवलं आणि वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री भेटायची परवानगी दिली. त्या रात्री पाऊस आला तर नदीला पूर येतो आणि भेट हुकते. जपानी माणसं या दिवशी बांबूची फांदी उभी करतात आणि रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून तिला बांधतात. या पट्ट्यांना तान्झाकू म्हणतात.

२०१८ साली आमच्या कारखान्यात हा सण पहिल्यांदा झाला. ७ जुलैला शनिवार होता. बुरुडाकडून आणलेला हिरवा बांबू कॅन्टीनच्या दारात उभा केला होता. सकाळच्या व्यायामानंतर आमच्या जपानी साहेबांनी ही कथा सांगितली आणि दुभाष्यानं तिची मराठी केली. साहेबांच्या मनात कथेचं तात्पर्य सरळ होतं: काम सोडलं की शिक्षा होते. पण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वर्षाला एकच रजा? मग हे दोघं आमच्याच ठेकेदाराकडं दिसतात." सगळी लाईन हसली. दुभाष्यानं ते वाक्य साहेबांपर्यंत पोचवलं नाही.

आम्हांला मात्र ती कथा परकी वाटली नाही. कुरुंदवाडपासून थोड्याच अंतरावर इचलकरंजी आहे. आमच्या गावातल्या कितीतरी घरांचं पोट यंत्रमागावर चाललं आहे. माग थांबला की घर थांबतं, हे आम्हांला कुठल्या आकाशातल्या बापानं सांगायला नको. आणि नदीनं माणसं तोडणं म्हणजे काय, तेही आम्हांला ठाऊक. कृष्णा आणि पंचगंगेच्या कुशीतलं आमचं गाव. पलीकडे नरसोबाची वाडी. पावसाळ्यात दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहिलं की लोक दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला जातात. तेच पाणी आणखी चढलं की पूल बंद, एस.टी. बंद, आणि गावाचं बेट.

त्या रात्री खोलीच्या गच्चीवर आम्ही ते दोन तारे शोधले. ढगांमुळे काही दिसलं नाही. पुढं हिवाळ्याआधी, आभाळ निवळल्यावर दिसले. आमच्यातला जैन मित्र पंचांग जाणणारा. त्यानं सांगितलं की, विणकरणीचा तारा म्हणजे आपला अभिजित आणि गुराख्याचा तारा म्हणजे श्रवण. इंग्रजीत त्यांना वेगा आणि अल्टेअर म्हणतात, आणि ही दोन्ही नावं मुळात अरबी आहेत. खाली झेपावणारं गिधाड ते अन्-नस्र अल्-वाकि, त्यातल्या 'वाकि'चं वेगा झालं. उडणारं गिधाड ते अन्-नस्र अत्-ताइर, त्याचं अल्टेअर झालं. काही लोक त्याला गरुडही म्हणतात. म्हणजे जपान्यांनी ज्यांना नवराबायको मानलं, त्यांना आपल्याकडे नक्षत्रांची नावं मिळाली आणि अरबांनी त्यांच्यात पक्षी पाहिले. वेगा आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर, अल्टेअर सुमारे १७. तारे दोनच आणि बघणारे इतके. त्यांच्यावर हक्क सांगून कुणी भांडल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

कागदावर इच्छा लिहून झाडाला बांधायची, हे गावी फोनवर सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एकाची अम्मी म्हणाली, "वां बी मन्नत मांगते क्या रे लोगां?" तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दर्ग्याच्या जाळीला धागा बांधून तिचं आयुष्य गेलेलं. पण चुलतभावाचा निरोप कडक होता. मागायचं ते फक्त अल्लाहकडे. बांबूकडे, ताऱ्यांकडे मागणं म्हणजे शिर्क. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ईमान ही आमच्यासाठी नोकरीपेक्षा लहान गोष्ट नाही. आम्ही त्यावर रात्री उशिरापर्यंत बोललो.

मग बांबूवरच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्यानं त्यानं आपापल्याच मालकाला अर्ज केला होता. कुणी वर 'श्री गणेशाय नमः' लिहिलं होतं, कुणी 'जय जिनेंद्र', कुणी 'जय भीम'. आमच्यातल्या एकानं ७८६ लिहून खाली 'या अल्लाह, बहिणीचं लग्न ठरू दे' असं लिहिलं होतं. बांबूला कुणीच काही मागितलं नव्हतं. बांबू फक्त खुंटी होता. साहेबांच्या चिठ्ठीवर कोणत्याच देवाचं नाव नव्हतं. पुढं वाचनातून कळलं की, चीनमधून हा सण नारा काळात जपानच्या दरबारात आला, तेव्हा मुली या दिवशी शिवणकाम आणि विणकामात हात चांगला चालावा अशी इच्छा करायच्या. म्हणजे मागणं धनदौलतीचं नव्हतं, हाताच्या कसबाचं होतं. कारागिराच्या पोरांना त्यात परकं वाटावं असं काही नव्हतं.

शिवाय आम्ही कुरुंदवाडचे. आमच्या गावात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पाच मशिदींत पीर आणि गणपती शेजारी शेजारी बसतात. कुडेखान बडेनाल, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना, अशी त्या मशिदींची नावं. एका बाजूला पंजे, एका बाजूला मूर्ती. इकडे ऊद जळतो, तिकडे कापूर. फातिहा झाला की आरती, आरती झाली की फातिहा. चोंगे आणि मोदक एकाच ताटात येतात. खत्तलरात्रीला पीरांच्या भेटी होतात, त्या बघायला सगळं गाव जागतं. यात कुणी कुणाचा धर्म घेतला नाही, कुणी आपला टाकला नाही. आरतीच्या वेळी आमचे बुजुर्ग हात जोडत नाहीत; ते गर्दी आवरतात, चपला बाजूला लावतात, पोरांना पुढं बसवतात. ओसरी किती रिकामी करायची, एवढंच ठरवायचं असतं.

हे एकत्र येणं रोजचं नाही. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे मोहरम दरवर्षी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी येतो. गणपती मात्र अधिक महिन्याच्या आधारानं भाद्रपद सोडत नाही. २०१८ साली गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती आणि आशुरा २१ सप्टेंबरला. तानाबाताची गत तिसरीच. जपानचं जुनं पंचांगही आपल्यासारखं चंद्र-सूर्य दोघांना धरून चालणारं होतं. १८७३ साली त्यांनी इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि त्याच वर्षी असे पाच ऋतुसण सरकारी यादीतून काढून टाकले. लोकांनी सण सोडला नाही, पण बहुतेक ठिकाणी तारीख ७ जुलै धरली. जुन्या पंचांगानं तो ऑगस्टच्या निरभ्र रात्री यायचा; आता तो त्यांच्या ऐन पावसात येतो आणि विणकरीण-गुराख्याची भेट बहुधा ढगांत बुडते. सेंदाई शहरात म्हणूनच तो अजून ६ ते ८ ऑगस्टला करतात. आणि सुटी? तानाबाताची जपानमध्येही सुटी नसते. माणसं कामावर जातात आणि कामावरच चिठ्ठी बांधतात.

आता टोप्यांकडे येऊ. २०१८ च्या त्या शनिवारी चिठ्ठ्या वाटल्या गेल्या त्या फक्त कायम कामगारांना. हजेरीच्या यादीवरून मोजून दिल्या. आमच्या सहाजणांत दोघांच्या हातात कागद आला, चौघांच्या आला नाही. चौघे काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुटीत बांबूपासून लांबच्या टेबलावर बसले. आमच्यातल्या दोघांनी एकेक चिठ्ठी फाडून तिचे तीन तीन तुकडे केले. सहाजणांच्या सहा इच्छा त्या तुकड्यांवर लिहिल्या आणि एकाच दोऱ्यात ओवून बांधल्या. सुपरवायझरनं पाहिलं, पण काही म्हणाला नाही.

त्या दिवशी साहेबही बांबूकडे फिरकले नाहीत. दिवसभर फोन कानाला. संध्याकाळी दुभाष्याकडून कळलं. साहेब ओकायामाचे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान म्हणूनच ओळखलं जातं, तेच ओकायामा. तिथं कित्येक दिवस पाऊस कोसळत होता आणि ७ जुलैच्या सकाळी कुराशिकीच्या माबी भागात ओदा नदीचा बांध फुटला होता. घरं वरच्या मजल्यापर्यंत पाण्यात गेली. पश्चिम जपानमधल्या त्या अतिवृष्टीत दोनशेहून जास्त माणसं गेली. साहेबांचे नातेवाईक त्या भागात होते. तानाबाताच्या दिवशीच नदी आडवी आली होती, आणि सकाळी सांगितलेल्या कथेतलं तात्पर्य संध्याकाळी कुणाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, २०१९ साली, बांबू पुन्हा आला. ७ जुलैला रविवार, म्हणून शनिवारीच. यावेळी आम्ही आधी जाऊन विचारलं होतं, ठेकेदाराच्या माणसांना चिठ्ठ्या मिळणार का. उत्तर फिरत फिरत साहेबांपर्यंत गेलं. त्यांना आदल्या वर्षीचं काही माहीतच नव्हतं. त्यांनी कागदांचा गठ्ठा आणि पेनांचा डबा कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर ठेवायला लावला. ज्याला हवा त्यानं घ्यावा. दुपारपर्यंत बांबू वाकला.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: पर्मनंट. कुणी 'परमनंट', कुणी 'पर्मनेंट', कुणी फक्त 'प'. घराचं कर्ज, मुलीची फी, आईचे गुडघे हे त्याच्या खालोखाल. त्या साली पाऊस उशिरा आला होता आणि जूनचे पहिले आठवडे कोरडे गेले होते. आमच्यातल्या मराठा मित्राचा ऊस शेतात वाळत होता. त्यानं लिहिलं: 'पाऊस भरपूर पडू दे'. तान्झाकूवर असं मागणं म्हणजे त्या दोन ताऱ्यांच्या मुळावर उठणं. साहेबांना कुणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा ते मनापासून हसले.

सोमवारी आम्ही कामावर गेलो तर पाहुणे येणार होते आणि बांबू हलका झाला होता. 'पर्मनंट' लिहिलेल्या चिठ्ठ्या गायब. कुणी काढल्या ते कुणी सांगितलं नाही. चौकशी केली तेव्हा ऑफिसातून उत्तर आलं की, हा इच्छांचा सण आहे, मागण्यांचा नाही. आम्ही त्या वाक्यावर अजून विचार करतो. बहिणीचं लग्न ठरू दे ही इच्छा, कारण ती कंपनीच्या हातात नाही. नोकरी पक्की होऊ दे ही मागणी, कारण ती कंपनीच्या हातात आहे. तारा २५ प्रकाशवर्षं दूर आहे, त्याच्याकडे काहीही मागा. ऑफिस वीस पावलांवर आहे, त्याच्याकडे मागायचं नाही.

एक महिना गेला आणि पाऊस आला. ऑगस्ट २०१९ चा तो महापूर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद. आम्ही चाकणला आणि आमची माणसं तिकडे. फोन लागेनात, लागले तर बॅटरी संपत आलेली. कुणाची अम्मी शाळेत, कुणाची बायको मुलांसह नातेवाइकाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यातली म्हैस दावं कापून सोडलेली. १२ ऑगस्टची बकरी ईद पाण्यातच उगवली. ज्यानं पाऊस मागितला होता, तो त्या आठवड्यात कुणाशी बोलला नाही. आम्ही त्याला सांगत राहिलो की, पाऊस कुठल्याही चिठ्ठीनं पडत नाही आणि पूर नुसत्या पावसानं येत नाही. धरणाचे दरवाजे, नदीकाठची बांधकामं, अलमट्टीचा वाद, हे सगळं त्यात असतं. त्याला ते पटत होतं, तरी जेवण जात नव्हतं.

साहेबांनी आम्हां सहाजणांना बोलावलं. टोप्यांकडे पाहिलं नाही. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. "घर नदीच्या कुठल्या बाजूला?" एवढंच विचारलं. आम्ही बोट ठेवलं. ते बराच वेळ नकाशा बघत उभे राहिले. मग म्हणाले, रस्ता उघडला की सगळ्यांनी जा, आणि परत यायची घाई करू नका. ठेकेदाराच्या चौघांची हजेरी त्या दिवसांत कापली गेली नाही. नियमात ते कसं बसवलं, आम्हांला माहीत नाही. साहेबही पुण्यात एकटेच राहायचे, बायको-मुलगी ओकायामाला. नोकरीसाठी कुटुंबापासून दूर राहणाऱ्या माणसाला जपानीत वेगळा शब्दच आहे, तान्शिन फुनिन. आमच्याकडे शब्द नाही, पण चाकणच्या निम्म्या खोल्या अशाच माणसांनी भरलेल्या आहेत.

गावी पोचलो तेव्हा चिखलाचा वास भिंतींत शिरला होता. कपाटं, गाद्या, शाळेची पुस्तकं रस्त्यावर वाळत होती. आणि सप्टेंबर तोंडावर आला होता. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, आशुरा १० सप्टेंबरला. पुन्हा दोन्ही एकत्र. एवढं नुकसान झालेलं असताना यंदा बसवायचं का, असा प्रश्न निघाला. वाद फार झाला नाही. मशिदीच्या ओसरीवरचा गाळ काढायला जी माणसं फावडी घेऊन आली, त्यांत मंडळाची पोरं होती आणि मोहल्ल्याची होती. वर्गणी कमी, मांडव लहान, पण पंजे बसले, मूर्ती बसली. साहेबांनी आमच्याकडे एक बंद पाकीट दिलं होतं, तेही आम्ही ओसरीच्या दुरुस्तीत घातलं.

विसर्जनाच्या वेळी आम्ही घाटावर उभे होतो. मूर्ती नदीत गेल्या. ताबूत नदीकाठीच थंडे झाले. जपानमध्येही जुनी रीत अशी की, सण संपला की चिठ्ठ्यांसकट बांबू नदीत सोडून द्यायचा. महिन्यापूर्वी जिनं घरात येऊन सगळं नेलं, त्याच नदीला आपण होऊन पुन्हा द्यायचं. नदीकाठच्या माणसांना तिच्याशी भांडून भागत नाही.

पुढच्या वर्षी, २०२० साली, २२ ऑगस्टला गणपती आणि ३० ऑगस्टला आशुरा असा योग पुन्हा आला, पण करोनामुळे मिरवणुका नव्हत्या. कारखान्यात बांबूही नव्हता. २०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला. साहेब त्याआधीच मायदेशी परतले होते. आमच्या चौघांपैकी एकजण कायम झाला, एकानं गावी येऊन माग धरला, दोघे अजून ठेकेदाराकडेच आहेत. चिठ्ठ्यांमुळे काही झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण काढून टाकलेल्या चिठ्ठ्यांवरचा तो शब्द पुढं रीतसर अर्जावर लिहून, तीसेक सह्या करून, वीस पावलांवरच्या त्या ऑफिसात दिला गेला. पहिल्या सह्या कायम असलेल्या दोघांनी केल्या होत्या.

बांबू आता पुन्हा दरवर्षी येतो. कागदांचा गठ्ठा मधल्या टेबलावरच असतो. ती रीत नव्या साहेबांनी मोडलेली नाही. चुलतभावाचं समाधान झालेलं नाही, आणि त्याच्याशी आमचं बोलणंही थांबलेलं नाही. एकदा रजेवर असताना तो मशिदीत आमच्या शेजारीच आरतीच्या वेळी चपला लावत होता.

मोहरम आणि गणपती पुन्हा एकत्र यायला आता २०५० उजाडेल. तोपर्यंत मोहरम उन्हाळ्यातून, हिवाळ्यातून फिरून येईल. आमच्यातले काही तेव्हा असतील, काही नसतील. म्हणून या ईदला गावी गेलो तेव्हा पोरांना ओसरीवर नेऊन दाखवून ठेवलं: पंजे कुठपर्यंत, मूर्ती कुठपर्यंत, मधून माणसं जायला किती जागा ठेवायची, आणि पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण कुठल्या खांबावर आहे.